आजी, हा तबला खराब आहे!

मागच्या महिन्यात आमच्या घरी नवा तबला आला. नात दोन वर्षं क्लासच्या तबल्यावर हात बसवत होती. "आता घरी स्वतःचा हवा," असं तिचे सर म्हणाले आणि पुण्याला जाऊन त्यांनी स्वतःच निवडून आणला. शिसवीचा तबला, तांब्याचा डग्गा. पोरीने घाईघाईने कव्हर काढलं, चुंबळीवर दोन्ही नीट मांडले आणि एक 'धा' वाजवला. मग आणखी एक. मग माझ्याकडे बघून हिरमुसल्या तोंडाने म्हणाली, "आजी, हा तबला खराब आहे. ह्याच्यात बेसच नाहीये."

बेसच नाहीये! मी चष्मा पुसत बसले, दुसरं काय करणार? आमच्या हॉलमध्ये टीव्हीखाली एक लांबडा साऊंडबार आहे आणि सोफ्याच्या मागे एक काळा खोका आहे, त्याला सबवूफर म्हणतात. नात यूट्यूबवरची तबलावादनं त्याच्यावर ऐकते. तिथे डग्ग्यावर थाप पडली की सोफा हलतो, शोकेसमधले कप किणकिणतात. तिच्या कानात 'तबला' म्हणजे तो. आणि समोरचा हा खरा, सरांनी दहा वेळा ठोकून-वाजवून आणलेला, तो 'खराब'.

त्यावर चिरंजीवांनी कडी केली. "एक माइक लावू, साऊंडबारला जोडून टाकू. मग बघ कसा वाजतो!"

मंडळी, मी चौतीस वर्षं पिंपरीतल्या शाळेत मराठी शिकवलं. पुस्तकातला धडा मुलाने चुकीचा उतरवून घ्यावा आणि मग स्वतःच्या वहीवरून पुस्तकातल्या ओळींवर लाल शाईने काट मारावी, तसं मला त्या दिवशी वाटलं. नक्कल खरी आणि मूळ चुकीचं. ह्यात नातीचा दोष नाही. तिला वही आधी दिली ती आपण, पुस्तक नंतर दिलं तेही आपणच. म्हणून आज थोडं भांडायचं आहे. कुणा एका कंपनीशी नाही, आपल्या सगळ्यांशी.

लग्नाआधी मी सांगलीला होते. तिथे गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रवेशिकेपर्यंत गाण्याच्या परीक्षा दिल्या होत्या. त्यात एक प्रश्न हमखास यायचा, नादाची तीन वैशिष्ट्यं सांगा. उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जात. आम्ही पाठ करून लिहायचो आणि मार्क घ्यायचो. उच्चनीचता म्हणजे स्वर खालचा की वरचा, लहानमोठेपणा म्हणजे हळू की जोरात. आणि जात? तर एकच 'सा', तितकाच उंच, तितकाच मोठा, पेटीवर वाजवला, सारंगीवर वाजवला, तंबोऱ्यावर छेडला, तरी डोळे मिटून आपण सांगतो ना की ही पेटी, ही सारंगी, हा तंबोरा? ते ज्याच्यामुळे कळतं ती नादाची जात. वाद्याचा चेहराच म्हणा.

हा चेहरा कशाने बनतो? मुख्यतः दोन गोष्टींनी. पहिली म्हणजे मूळ स्वराबरोबर वाजणारे सहायक नाद. तार छेडली की नुसता 'सा' वाजत नाही, त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वरही सोबत उठतात. कुठला किती, ह्यावर वाद्याचा रंग ठरतो. तंबोऱ्याचा खर्ज नीट लागला की त्यातून आपोआप गंधार ऐकू येतो, त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. तो म्हणजे खर्जाच्या पाचपट कंपनांचा सहायक नाद. माझा स्वर तेव्हा काळी चार होता. म्हणजे खर्ज सुमारे १०४ हर्ट्झचा आणि त्यातून उठणारा गंधार ५२० च्या आसपासचा. दुसरी गोष्ट म्हणजे आघात, स्वर कसा सुरू होतो ते. रेकॉर्डिंगमधून स्वराची पहिली ठिणगी कापून टाकली आणि मधला सलग भाग तेवढा ऐकवला, तर भल्याभल्यांना वाद्य ओळखणं जड जातं, असं प्रयोगांत दिसून आलं आहे.

आपल्या वाद्यांच्या बाबतीत तर हे फार बारकाईने घडवलेलं आहे. सर चंद्रशेखर व्यंकट रामन हे प्रकाशासाठी नोबेल मिळालेले, पण त्याआधी ते आपली वाद्यं घेऊन बसले होते. १९२० साली त्यांनी आणि शिवकाली कुमार यांनी 'नेचर' ह्या नियतकालिकात तबला-मृदंगावर लिहिलं. साध्या ताणलेल्या कातड्याचे सहायक नाद एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून ढोल गोंगाट करतो. तबल्याच्या मध्यावर शाईचा थर बसवला की ते नाद मूळ स्वराच्या पटीत येतात, आणि कातडं 'सुरात' बोलतं. पुढच्याच वर्षी त्यांनी तंबोरा आणि वीणेच्या घोडीवर लिहिलं. तार रुंद, किंचित उताराच्या घोडीवर घासत कंप पावते, म्हणून एरवी येऊ नयेत असे सहायक नादही त्यातून येतात. तीच आपली जवारी. घोडी आणि तार यांच्यामध्ये दोऱ्याचा एक 'जीव' सरकवतात आणि केसभर पुढेमागे करून ती जवारी उघडतात. एका दोऱ्यावर एवढं सगळं उभं आहे हो!

आता हा चेहरा घरातल्या यंत्रातून कसा दिसतो ते बघू.

साऊंडबारच्या पट्टीत बसवलेले स्पीकर बहुतेक दोन-अडीच इंचांचे असतात. एवढ्याशा पडद्याला खालच्या स्वरांसाठी लागते तेवढी हवा ढकलता येत नाही. म्हणून खालचे स्वर वेगळे काढून सोफ्यामागच्या खोक्याला दिले जातात. ही वाटणी कुठेतरी शंभर-दीडशे हर्ट्झच्या आसपास होते. आता डग्गा आठवा. डग्ग्याचा स्वर ह्याच सीमेवर राहतो. वादक थाप मारून मनगटाने कातडं दाबत नेतो, स्वर खालून वर चढत जातो, ती मींड हा डग्ग्याचा प्राण. आमच्या हॉलमध्ये ती मींड सोफ्याच्या मागे सुरू होते आणि टीव्हीच्या खाली संपते! एका माणसाचा एक हात, त्याचे दोन तुकडे दोन खोक्यांत. त्यात खालचे स्वर मुद्दाम फुगवलेले, कारण दुकानात दोन मिनिटांत गिऱ्हाईक त्यालाच भुलतं. डग्गा मग बोलत नाही, नुसता धपधपतो. प्रत्येक थाप सारखी.

तंबोऱ्याची गत आणखी वाईट. फोनवर तंबोरा लावून रियाझ करणारी मुलं मी रोज बघते. फोनच्या त्या चिमुकल्या भोकातून खर्ज येतच नाही. वरचे सहायक नाद ऐकून आपला मेंदू खालचा खर्ज स्वतःच कल्पून घेतो. मेंदूची करामत मोठी आहे, पण कल्पून घेतलेल्या जेवणाने पोट भरत नाही.

शिवाय सगळं सारखंच मोठं करून टाकायची हौस. हळू आवाज वर ओढायचा, मोठा दाबायचा, म्हणजे गाडीत, स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्टीतही ऐकू यावं. पण त्यात आघाताचं टोक बोथट होतं. 'ना' आणि 'ता' यांच्यातला काठावरचा टणत्कार हाच जर गेला तर उरलं काय?

आता कुणी म्हणेल, बाई, तुमच्या काळात सगळं छान होतं, हेच तुम्हाला सांगायचंय. मुळीच नाही. माझ्या वडिलांकडे लाकडी पेटीचा व्हॉल्व्हचा रेडिओ होता. त्याचा आवाज इतका गोड, इतका भरदार की अजून आठवतो. पण तो गोडवा त्या लाकडी पेटीचा होता. बातम्या देणाराही त्यातून खर्जात बोलायचा आणि सनईसुद्धा जरा घोगरी व्हायची. खोटाच होता तो आवाज, फक्त गोड खोटा. नंतर १९९० च्या दशकात तर खोक्यांवर '३००० वॅट पीएमपीओ' असे आकडे झळकू लागले. प्लग भिंतीतून घेणार मोजके वॅट, आणि म्हणे तीन हजार! क्षणभराच्या कमाल ताकदीचा मनाला येईल तसा गुणाकार होता तो, सलग देता येणाऱ्या ताकदीशी त्याचा फारसा संबंध नव्हता. आम्ही तो आकडा बघून खोके घेतले. तेव्हा शहाणपणाचा मक्ता आमच्या पिढीकडे नाही.

आणि आमच्याही आधीचं सांगते. अमेरिकेत एडिसनच्या कंपनीने १९१५ पासून गावोगाव जाहीर कार्यक्रम केले. रंगमंचावर गायिका आणि शेजारी फोनोग्राफ. दिवे मालवायचे, मध्येच गायिकेने गप्प व्हायचं, आणि यंत्र गातंय की बाई गातेय हे ओळखता येत नाही असं लोक छातीठोकपणे सांगायचे. आज ती ध्वनिमुद्रणं ऐकली तर खरखरीतून आवाज शोधावा लागतो! म्हणजे प्रत्येक पिढीला आपलं यंत्र 'हुबेहूब' वाटतं. फरक इतकाच की त्या लोकांनी खरा आवाज रोज ऐकलेला होता. देवळात, घरात, रस्त्यावर. यंत्राने त्यांना फसवलं, पण त्यांच्याकडे परत जाऊन पडताळायला मूळ तरी होतं. आमच्या नातीकडे ते नव्हतं.

दुसरा आक्षेप आमच्या घरातूनच आला. हे म्हणाले, "तुझ्या वयाला कान शाबूत असतात का? उगाच बोलतेस." बरोबर आहे. पंचाहत्तरी जवळ आली, फार वरचे स्वर मला ऐकू येत नाहीत. पण ह्यांचीच गोष्ट सांगते, त्यांची परवानगी घेऊन. इथल्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात ह्यांनी तीस वर्षं प्रेस शॉपमध्ये काढली. कानात घालायचे बोळे असायचे, पण "ते घातले की मशीन काय म्हणतंय ते कळत नाही" म्हणून खिशात राहायचे. १९८४ च्या दिवाळीला बोनसमधून ह्यांनी हौसेने स्टिरिओ आणला, लाकडी खोक्यांचे दोन स्पीकर, चांगला जड ॲम्प्लिफायर. पुढे पुढे मी बघायची, ट्रेबलचं बटण पार टोकाला फिरवलेलं असायचं. मी खाली आणायची, हे पुन्हा वर न्यायचे. आम्ही भांडायचो. यंत्रांच्या आवाजाने कान जातात ते आधी ४००० हर्ट्झच्या आसपास जातात हे निवृत्तीनंतर कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढून दाखवला तेव्हा कळलं. मी इतकी वर्षं ज्याला 'ह्यांची आवड' समजत होते ती आवड नव्हतीच. ते हरवलेला स्वर शोधत होते. आता ह्यांना माझ्या तंबोऱ्याचा खर्ज ऐकू येतो, पण जवारीची ती वरची झणझण पुष्कळशी येत नाही. यंत्र बदलता येतं, कान बदलता येत नाही. भोसरी, तळवडे, चाकणला पहाटेच्या कंपनी बसमध्ये चढणाऱ्या प्रत्येक मुलाला मी हे सांगत असते. बोळे घाला रे बाबांनो, घरी कुणाचं तरी गाणं तुमची वाट बघतंय.

तर माझे कान जुने आहेत हे मान्य. म्हणूनच मी म्हटलं, माझ्यावर विश्वास ठेवू नका, परीक्षा घेऊ. आयुष्यभर तेच केलंय.

माझा एक जुना विद्यार्थी चाकणला गाड्यांच्या सुट्या भागांच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासतो. त्याला ह्या विषयाचा नाद. त्याने एक मजेशीर गोष्ट सांगितली. आपल्या चाकणला हरमन कंपनीचा कारखाना आहे, गाड्यांतली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा तिथे बनते. त्याच कंपनीतले संशोधक शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली अमेरिकेत एक प्रयोग केला. कंपनीतल्याच लोकांना चार स्पीकर ऐकवले, आधी डोळ्यांसमोर ठेवून आणि मग पडद्याआड. समोर दिसत असताना मोठे, महागडे स्पीकर वरचढ आणि लहान स्वस्त संच बिचारा खाली. पडदा टाकला आणि मतांमधला फरक पुष्कळ कमी झाला. स्वतःच्या कंपनीतले, ह्याच धंद्यातले लोक, तेही डोळ्यांनीच ऐकत होते! त्यांचे सहकारी फ्लॉइड टूल यांनी आधी कॅनडात अशाच पडद्याआडच्या चाचण्या घेतल्या होत्या. त्यात बहुतेकांनी पसंत केले ते कुठलाही स्वर न फुगवता, न दाबता सगळे सारखे देणारे स्पीकर. म्हणजे माणसाचा कान मुळात बिघडलेला नाही. बिघडवतात ते डोळे, आकडे आणि सवय.

मग आम्ही आमच्याच हॉलमध्ये पडदा लावला. म्हणजे बेडरूमच्या दारावर चादर. चादरीमागे नातीचे सर तो नवा तबला घेऊन बसले. त्यांचंच वादन आधी चांगल्या रेकॉर्डरवर घेऊन ठेवलं होतं. तिथेच साऊंडबार खोक्यासकट, ह्यांचा जुना स्टिरिओ आणि एक छोटा ब्लूटूथ स्पीकर. विद्यार्थ्याने फोनवर मोजून सगळ्यांचा आवाज सारखा केला. "बाई, हे नाही केलं तर जो मोठा वाजेल तोच चांगला वाटेल," असं त्याचं म्हणणं, आणि ते खरंच आहे. सोसायटीतली दहा-बारा मंडळी जमली. चिठ्ठीवर लिहायचं, खरा तबला कुठला.

निकाल ऐका. मुलांनी बहुतेक साऊंडबारलाच 'खरा' ठरवलं. आमच्या वयाच्या मंडळींनी जुन्या स्टिरिओला. आणि मी? एका फेरीत मीसुद्धा स्टिरिओलाच खरा म्हटलं! चाळीस वर्षं तोच ऐकत आले, तीच माझी वही. लाजच वाटली, पण लिहून टाकते.

प्रत्येक फेरीत बरोबर आलं ते एकाच माणसाचं, आमच्या सोसायटीच्या वॉचमन काकांचं. ते मूळचे देहूजवळच्या गावचे. सहज चहाला म्हणून बोलावलं होतं. लहानपणापासून गावच्या भजनात पखवाज वाजवतात. घरात त्यांच्या एक साधा फोन, बस. मी विचारलं, "काका, कसं ओळखलंत?" ते म्हणाले, "बाई, डग्ग्यावर मनगट घासतं ना, ते घासल्याचं फक्त एकाच्यात ऐकू येतंय."

विद्यार्थ्याने रेकॉर्डिंग पुन्हा लावून बघितलं. स्टिरिओवर कान लावून ऐकलं तर ते घासणं पुसटसं होतं. साऊंडबारवर धपधपीखाली गाडलं गेलं होतं. छोट्या स्पीकरवर घासणं होतं तर डग्गाच नव्हता!

माझं म्हणणं एवढंच आहे. घरातलं ध्वनियंत्र चांगलं की वाईट हे ठरवायचं माप दुकानात मिळत नाही, किमतीत नाही, वॅटमध्ये नाही. ते माप म्हणजे माइकशिवाय, चार हातांवरून ऐकलेलं खरं वाद्य. ते ज्याच्या कानात आहे त्याला फार महागडं यंत्र लागत नाही, आणि ज्याच्या कानात नाही त्याला लाखाचं यंत्रही उपयोगाचं नाही. हे मी त्या दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही सांगते, जे स्पीकरच्या चार हात वायरीला हजारो रुपये देतात. अहो, तेवढ्या अंतराला साधी जाड तांब्याची वायर पुरते. त्या पैशांत वर्षभर बैठकी ऐका.

आणि यंत्राकडून थोडा प्रामाणिकपणा मिळवायला खर्च येत नाही. रिमोटवरची ती 'बेस बूस्ट', 'सराउंड' वगैरे सगळी सोंगं बंद करा. सबवूफर एवढा कमी करा की तो आहे हे लक्षातही येऊ नये. खोकं कोपऱ्यात कोंबू नका, कोपरा खालचे स्वर आणखी फुगवतो. स्पीकर शोकेसच्या कप्प्यातून बाहेर काढा, भिंतीपासून हातभर पुढे, कानाच्या उंचीवर ठेवा. आपल्या फ्लॅटमध्ये खाली गुळगुळीत फरशी, समोर काचेची खिडकी, आवाज चेंडूसारखा टप्पे खात फिरतो. खाली सतरंजी अंथरा, खिडकीला जाड पडदा लावा, पुस्तकांचं कपाट भिंतीला लावा. आणि आवाज किती ठेवायचा? खोलीत खरा तंबोरा जितका वाजेल तितकाच. मग खर्जातून तो स्वयंभू गंधार येतोय का, डग्ग्यावर मनगट घासतंय का, ते बघा. एवढीच परीक्षा, दोनच प्रश्न.

पण हे उपाय झाले यंत्राचे. कानाचं काय? आम्ही खऱ्या वाद्याला जागाच कुठे ठेवली आहे? सोसायटीच्या गणपतीत पन्नास माणसांसमोर गाणं, तरी दोन स्पीकर माणसाएवढे. देवळाच्या बारा बाय पंधराच्या सभामंडपात भजन, तरी माइक. शाळेच्या प्रार्थनेला पेटी असते, तिच्याही तोंडाशी माइक. मोठ्या प्रेक्षागृहात हजार माणसं असतील तर माइक हवाच, त्याला माझी ना नाही. पण जिथे वाद्य स्वतः पोचतं तिथेही त्याच्या तोंडाला यंत्र बांधायचं? मग मुलांनी मूळ आवाज ऐकायचा कुठे?

हे नुसतं म्हातारीचं हळहळणं नाही. माझा तंबोरा मिरजेचा. वडिलांनी मला बरोबर नेऊन कारागिरासमोर बसवून जवारी लावून घेतली होती. मंगळवेढ्याकडचे भोपळे, लाकूड, हस्तिदंतासारखी दिसणारी नक्षी, हे सगळं डोळ्यांना दिसतं. पण कारागिराची मजुरी असते ती न दिसणाऱ्या जवारीची. कानशीने घोडी घासायची, ऐकायचं, पुन्हा घासायची. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, फार आनंद झाला. पण मानांकन नावाचं रक्षण करतं, कानाचं नाही. जवारी ज्याला ऐकूच येत नाही तो तिचे पैसे का देईल? फोनवरचा फुकटचा तंबोरा त्याला तेवढाच वाटेल. गिऱ्हाइकाचा कान गेला की कारागिराचा हात जातो. वाद्यं अशीच मरतात, कुणी बंदी घालावी लागत नाही.

म्हणून आई-बापांना हात जोडून सांगते. मुलाला वीस हजारांचा स्पीकर घेण्याआधी एकदा तबलजीसमोर तीन फुटांवर नेऊन बसवा. गाण्याच्या क्लासवाल्यांनो, महिन्यातून एक तास मुलांना काही शिकवू नका, नुसता तंबोरा जुळवताना ऐकू द्या. सोसायटीवाल्यांनो, गणपतीच्या दहा दिवसांतली एक संध्याकाळ माइक बंद ठेवा. मागे बसणाऱ्याला ऐकू येणार नाही? मग पुढे सरका. गप्प बसा. ऐकणं हेही कामच आहे.

असो. फार लांबलं. नातीचं काय झालं ते राहिलंच. त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर तिने वॉचमन काकांना थांबवून विचारलं, "कुठला घासल्याचा आवाज?" काकांनी खाली बसून डग्ग्यावर मनगट सरकवून दाखवलं. तिने कान जवळ नेला. मग बराच वेळ दोघांचं चाललं होतं. साऊंडबार अजून आहे, सिनेमे त्याच्यावरच बघतात सगळे, बघोत. तबला मात्र त्याला जोडलेला नाही.

परवा पाऊस लागला होता. दुपारी ती रियाझाला बसली आणि दोन थापा मारून थांबली. "आजी, आज डग्गा उतरलाय."

मला कळलं नव्हतं. मी उठून हातोडी शोधून दिली.